पावण्याची परवानगी

आई,

पहिली गोष्ट ही की तू परवानगी दिली नव्हतीस. मला मान्य आहे. नऊ वर्षं मी हे मानलं नाही. तुझ्याशी भांडले, अण्णांना साक्षीला ओढलं, बाळूला खोटी शपथ घ्यायला लावली. आज तुझा तेरावा उरकला, शेवटचे पाहुणे एस.टी.त बसवून आले आणि स्वयंपाकघरात बसून हे लिहायला घेतलं, तर पहिल्याच ओळीत हार मानतेय. कुत्र्याला 'हो' म्हटलेलं तुझ्या तोंडून कुणीही, कधीही ऐकलेलं नाही. घे, जिंकलीस.

या तेरा दिवसांत लोक तुझ्याबद्दल काय काय बोलून गेले ते तू ऐकायला हवं होतंस. शेजारच्या काकू म्हणाल्या, "गरीब गाय होती, कधी कुणाला उलटून बोलली नाही." मला हसू फुटलं. सगळ्यांना वाटलं पोरीला दुःखानं भ्रम झाला, म्हणून पाणी आणून दिलं. त्याच काकूंना तू पापडाच्या पिठावरून काय सुनावलं होतंस ते अख्ख्या शुक्रवार पेठेनं ऐकलंय. त्यांची गाय त्यांना लखलाभ. माझी आई वेगळी होती आणि मला तिच्याशीच बोलायचंय, कारण आपलं भांडण अर्धं राहिलंय.

सुरुवात म्हादबा गवळ्यापासून झाली. म्हादबा रोज सकाळी म्हैस घेऊन दारात यायचा आणि तू चरवी घेऊन उभी राहायचीस. डोळ्यांदेखत धार काढलेली नसेल तर ते दूध तुझ्या लेखी पांढरं पाणी. म्हैस अंग चोरायला लागली की म्हादबा म्हणायचा, "वैनी, जरा दावं धरा." तू चरवी खाली ठेवायचीस, दोन पावलं मागं सरायचीस आणि मला पुढं ढकलायचीस. शिरोळच्या शेतकऱ्याची लेक, जनावरांतच वाढलेली, आणि दाव्याला हात लावायला नको. मला वाटायचं, शहरात येऊन बाईला नखरे सुचले.

म्हादबाची कुत्री म्हशीमागं यायची. एके दिवशी ती दिसली नाही. म्हादबा म्हणाला, "व्याली की. चार हाईत. एक घ्या तुमी." हे तो मला आणि बाळूला म्हणाला, तुला नाही. मी अकरा वर्षांची, बाळू आठ. संस्थान नुकतंच विलीन झालं होतं, अण्णांच्या कचेरीत कोण कुणाच्या हाताखाली हे कुणालाच कळत नव्हतं आणि घरात अण्णांना कसलाही नवा व्याप नको होता. आम्ही नेमकी तीच वेळ साधली.

अण्णा म्हणाले, "आईला विचारा." तू म्हणालीस, "न्हाय." पुन्हा अण्णांकडं गेलो, तर ते म्हणाले, "मग झालं तर." मला हा न्याय पसंत पडला नाही. अण्णा हेडक्लार्क, तोंडी बोललेलं त्यांच्या कानात शिरत नाही हे मला ठाऊक होतं. म्हणून मी रीतसर अर्ज लिहिला. डावीकडं समास सोडून, 'विषय : घरी एक (१) कुत्रा पाळण्यास परवानगी मिळणेबाबत' अशी ओळ घालून, खाली पाच कारणं. मी सही केली. बाळूला सही येत होती, तरी त्यानं अंगठा उठवला, अंगठ्यानं अर्जाला वजन येतं म्हणून. अण्णांनी अर्ज शेवटपर्यंत वाचला, तांबड्या पेन्सिलीनं शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि समासात शेरा मारला : 'सदर बाब गृहखात्याच्या अखत्यारीतील असल्याने अर्जदारांनी तिकडे जावे.'

गृहखातं चुलीपुढं बसलं होतं. तू चौथीपर्यंत शिकलेली, अक्षराला अक्षर जोडत तो कागद शेऱ्यासकट वाचलास. मग त्याची गुंडाळी केलीस, चुलीतल्या शेणीखाली सारलीस आणि फुंकर मारलीस. "चांगला पेटला," म्हणालीस, "आनि हाय का?"

मी तेवढ्यावर हटणारी नव्हते. बाहेरच्या सोप्यात वाडीहून आणलेली दत्ताची तसबीर होती, तुझ्याच माहेरच्या बाजूची. दर गुरुवारी तू तिला हार घालायचीस. मी म्हटलं, दत्ताच्या पायाशी चार आहेत, आम्ही तर एकच मागतोय. तू मान वर न करता म्हणालीस, "दत्त महाराजांच्या घरात कोन सारवतंय? हितं मी सारवते. तू सारवनार हाईस का?" मी तावात हो म्हणाले. "मग आदी सारव. कुत्र्याचं मागनं बघू." त्या एका 'बघू'पायी मी महिनाभर दर चार दिवसांनी सोपा आणि माजघर सारवलं. कोपरे राहिले की तू दुसऱ्यांदा सारवून घ्यायचीस. महिना संपल्यावर मी विचारलं, बघितलंस का? तू म्हणालीस, "बघितलं. आता बरं सारवतीस. सासरी उपेगी पडंल."

बाळूनं अन्नत्याग जाहीर केला, पण वार निवडला रविवार. घरात मटण शिजत होतं. त्यानं अकरा वाजेपर्यंत दम काढला. तू त्याचं ताट वाढून सोप्यात नेऊन ठेवलंस आणि परत चुलीकडं आलीस. थोड्या वेळानं ताट घासायला आलं. तू त्यावर कधी त्याला चिडवलं नाहीस, हेही सांगितलं पाहिजे. ते काम मी केलं.

आता एक गोष्ट, जी मी तुला नऊ वर्षांत सांगितली नाही.

श्रावण लागायच्या आधी, पावसानं आठ दिवस उसंत दिली नव्हती तेव्हा, म्हादबा खांद्यावरच्या घोंगड्यात पिल्लू गुंडाळून दारात आला. म्हणाला, "वैनी, गोठ्यात पानी शिरलंया. दोन दिस ठिवा ह्येला. ऊन पडलं की नेतो." हे त्याला मी पढवलं होतं. त्याचा गोठा उंचावर, तिथं वाटीभर पाणी शिरलं नव्हतं. मी आदल्या दिवशी त्याला गाठून शब्दन् शब्द पाठ करून घेतला होता. पावसात भिजलेलं पिल्लू दारातून परत पाठवायला तुला जड जाईल, एवढाच माझा हिशेब.

पण तू पिल्लाकडं पाहिलंच नाहीस. तू म्हादबाकडं पाहत होतीस. "किती पानी?" विचारलंस. हे मी पढवलं नव्हतं. म्हादबानं गडबडून गुडघ्याशी हात नेला. "आन त्याची आई?" "सोडलीया की." "सोडलीस? तुज्या हातानं?" "व्हय वैनी." "बाकीची तीन?" "त्यास्नी घरात घेतलंय." "बांधल्यालं कोन न्हाय न्हवं?" म्हादबा म्हणाला, न्हाय. तेव्हा कुठं तू हात पुढं केलास आणि पिल्लू घेतलंस. मी दाराआड उभी होते. माझा डाव साधला याचा मला इतका आनंद झाला होता की तुझे प्रश्न मला नुसती चौकशी वाटले. पिल्लाला सोप्याच्या पायरीवर पोत्यावर ठेवत तू आम्हाला बजावलंस, "पावणं हाय. दोन दिस ऱ्हाईल, जाईल. लळा लावू नगासा."

ते पावणं नऊ वर्षं राहिलं. आम्ही त्याचं नाव सरदार ठेवलं. पेठेतली पोरं त्याला सरदार म्हणायची, अण्णासुद्धा कचेरीतून आले की "काय सरदार" म्हणायचे. तू मात्र कधी ते नाव उच्चारलं नाहीस. "पावणं जेवलं का?" "पावण्याच्या अंगावर गोचिड झालीया." "ह्या पावण्याला कुनीतरी आंघूळ घाला." म्हादबाला दर सणाला विचारायचीस, "कवा नेतोस रं तुजं पावणं?" आणि तो उत्तर द्यायच्या आत चहाचा कप त्याच्या हातात द्यायचीस.

पहिले आठ दिवस पावण्याला पायरी. मग पाऊस वाढला म्हणून सोपा. दिवाळीत फटाक्यांना घाबरतं म्हणून माजघर. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर मात्र तू शेवटची रेघ ओढलीस. त्यानं पुढचे दोन पाय उंबऱ्याला लावून बसायचं आणि परातीत उरलेल्या पिठाची शेवटची लहान भाकरी तू आतून टाकायची. उरलेलं पीठ मोठ्या भाकरीएवढं असायचं, हे मी मोठी झाल्यावर पाहिलं. मी विचारलं तर म्हणालीस, "माजा अंदाज चुकतोय हल्ली." तुझा अंदाज मिठाच्या खड्यातसुद्धा कधी चुकला नाही.

तू फक्त एकदा खरी रागावलीस. पिल्लू मोठं झालं तसे अण्णा चांभाराकडून चामड्याचा पट्टा घेऊन आले आणि बाजारातून साखळी. तू पट्टा उलटसुलट करून पाहिलास आणि म्हणालीस, "पट्टा ऱ्हाऊ दे. न्हाईतर मुन्शिपालटीची मानसं धरून नेतील." मग साखळी उचललीस, मागच्या परड्यात गेलीस आणि तिथल्या विहिरीत टाकलीस. आत येऊन तू म्हणालीस, "ह्या घरात त्येला बांधायचं न्हाय. ज्या दिशी बांधशिला त्या दिशी मी माहेराला जाईन." आवाज चढवला नव्हतास, उलट नेहमीपेक्षा खाली होता. अण्णांनी पुन्हा तो विषय काढला नाही. विहिरीतून पाणी शेंदताना मी कितीतरी दिवस वाकून साखळी दिसते का ते पाहत होते.

यावरून मी तुझ्याशी किती वाद घातले. सरदारनं पोस्टमनचा पायजमा फाडला तेव्हा मी म्हटलं, जगात सगळे लोक कुत्री बांधतात. तू पोस्टमनला ताक दिलंस, पायजमा शिवून दिलास आणि मला म्हणालीस, "जगात सगळी मानसं लई कायकाय करत्यात." माझ्यासाठी स्थळ आलं तेव्हा सरदारनं मुलाच्या मामाच्या हातातली पोह्यांची बशी लांबवली. ते स्थळ फिसकटलं त्याचं मला दुःख नाही, पण तेव्हाही मी म्हटलं होतं, तासभर बांधला असता तर काय बिघडलं असतं? तू म्हणालीस, "तुला काय कळतंय." मला ते फार लागलं. मी शिकलेली होते, कॉलेजात विज्ञान शिकत होते, आणि चौथी झालेली आई मला म्हणते तुला काय कळतंय. मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. तू त्या दोन दिवसांत रोज माझ्या आवडीची शेंगदाण्याची चटणी केलीस, पण ते वाक्य मागं घेतलं नाहीस.

तुझी रीतच ती होती, हे आता लिहिताना दिसतंय. मला कॉलेजात जायचं होतं तेव्हाही तू हो म्हणाली नाहीस. महिनाभर "बघू" चाललं. माझं रडून झालं होतं. मग एके सकाळी खुंटीवर एक पिशवी लटकलेली दिसली, तुझ्या जुन्या खणाची, दुहेरी शिवणीची, बरोबर चार पुस्तकं मावतील एवढी. मी विचारलं, ही कसली? "पिशवी हाय. दिसत न्हाय व्हय?" तेवढ्यावर मी कॉलेजात गेले. तरीही कुत्र्याच्या बाबतीत मी शब्दाचा हट्ट सोडला नाही. दरवर्षी एकदा तरी मी तुला छेडायची, आई, एकदा म्हण की, बरं झालं कुत्रा आणला. तू दरवर्षी म्हणायचीस, "मी कुटं परवानगी दिलीया? पावणं हाय त्ये."

या मार्गशीर्षात तुला ताप आला आणि पाचव्या दिवशी सकाळी तू गेलीस. इतक्या घाईत तू आयुष्यात कधी काही केलं नव्हतंस. तापात मी तुझ्या उशाशी होते, पण आपण बोललो ते काढ्याबद्दल आणि पांघरुणाबद्दल. खोट्या पाण्याची गोष्ट मला सांगता आली असती. मला वाटलं, तू बरी झालीस की हसत हसत सांगू.

तुला सोप्यात जिथं ठेवलं होतं तिथं सरदार जाऊन बसला तो उठेना. माणसं येत होती, बायका गळ्यात पडून रडत होत्या, आणि तो तिथून गुरगुरत होता. तिसऱ्या दिवशी त्यानं आत्यांचा पदर धरला. आत्या किंचाळल्या. कुणीतरी म्हणालं, सुतक चाललंय का तमाशा चाललाय. माझंही डोकं ठिकाणावर नव्हतं. मी परड्यात गेले, तू कपडे वाळत घालायचीस ती दोरी सोडली आणि सरदारला पेरूच्या झाडाला बांधलं. नऊ वर्षांत त्याला कुणी बांधलं नव्हतं. तू गेलीस आणि तिसऱ्या दिवशी मी बांधलं. तो दोन दिवस ओरडला, मग गप्प झाला. मी त्याला पाणी द्यायचे, भाकरी ठेवायचे. भाकरी तशीच राहायची.

दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर गेलो. बिनलग्नाच्या मुलीनं येऊ नये म्हणून आत्यांनी सांगून पाहिलं. मी गेले. बाळूनं मुंडण केलं होतं, ओल्या धोतरात तो एकदम लहान दिसत होता. पिंड मांडले आणि सगळे मागं सरून उभे राहिलो. समोरच्या झाडावर पाचसहा कावळे होते, त्यातला एक उतरून पिंडापासून हातभर अंतरावर बसला. बसला तो बसलाच.

कावळा का शिवतो आणि का शिवत नाही, हे मी कुणालाही नीट समजावून सांगू शकते. माणसं जवळ असली की पाखरू बुजतं. पण तिथं उभी असताना मीही इतरांसारखीच त्याच्याकडं पाहत होते, हे कबूल करते. अण्णा पुढं झाले आणि हात जोडून म्हणाले, "बाळूला शिकवीन, जेवढं शिकेल तेवढं." कावळ्यानं मान वाकडी केली. अण्णा म्हणाले, "सुमीचं चांगल्या घरी लग्न करून देईन." कावळा हलला नाही, आणि मला मनातून बरं वाटलं. बाळू म्हणाला, "आई, मी मॅट्रिक होईन." मग तुझा धाकटा भाऊ, ज्ञानूमामा, डोळे पुसत म्हणाला, "आक्का, पोरांस्नी अंतर देनार न्हाय. माहेर तुटलं असं वाटू देनार न्हाय." काहीच नाही. ऊन वर आलं. माणसं कुजबुजायला लागली, बाईचा जीव कशात अडकलाय म्हणून. शेवटी बाळू रडवेल्या आवाजात म्हणाला, "आई, सरदारला सांभाळीन मी."

ते ऐकून ज्ञानूमामानं माझ्याकडं वळून विचारलं, "सुमे, कुत्रं दिसलं न्हाय घरात. कुटं हाय?"

"परड्यात आहे. बांधलंय."

"बांधलंय? कवाधरनं?"

"तिसऱ्या दिवसापासून. आत्यांच्या अंगावर धावून गेला म्हणून."

मामा खाली पायरीवर बसला. नदीकडं पाहत हळू बोलला, मला एकटीला ऐकू येईल एवढंच. "तुला सांगितलं न्हाय व्हय तिनं कदी? म्हापूर आलता. मी सात वर्साचा, आक्का धाची. नाव दाराशी लागली तवा बा म्हनला, पोरी, जित्राबं सोड. तिनं म्हस सोडली, रेडकू सोडलं, शेरडं सोडली. कुत्रं कडब्याच्या गंजीमागं बांधल्यालं. नाव सुटल्यावर तिच्या ध्येनात आलं. पान्यात उडी घ्याया निघाली तर बानं मुस्काटात हानली आन धरून ठिवली. वरडून वरडून तिचा घसा बसला. चौथ्या दिशी पानी उतरलं, आमी घराकडं गेलो. दोरी तितंच हुती."

आई, तेव्हा मला नऊ वर्षांपूर्वीची ती सकाळ दिसली. दारात म्हादबा, आणि तू विचारतेयस, किती पाणी. त्याची आई कुठाय. तुझ्या हातानं सोडलीस का. बांधलेलं कुणी नाही ना. मला वाटत होतं मी अर्ज लिहून, सारवून, दत्ताचा दाखला देऊन तुला जिंकलं. माझं एकही कारण तुला पटलेलं नव्हतं. तुला फक्त कळलं होतं की गोठ्यात पाणी शिरलंय आणि एक पिल्लू बाहेर काढायचंय. अकरा वर्षांच्या पोरीनं थट्टेनं रचलेलं खोटं तुझ्या नेमक्या दुखऱ्या जागी जाऊन लागलं, आणि तू ते पदरात घेतलंस. मला काय कळत होतं? काही कळत नव्हतं, तू म्हणालीस ते खरं होतं.

मी कावळ्याला काही सांगितलं नाही. वचन द्यायला तिथं उभं राहिले असते तर तेवढा वेळ सरदार आणखी बांधलेला राहिला असता. मी वळले आणि घाट चढायला लागले. आत्या मागून म्हणाल्या, "मधनंच जाऊ नये गं." मी मागं पाहिलं नाही. नंतर बाळूनं सांगितलं, मी वरच्या पायरीला पोचले तेवढ्यात कावळा शिवला. अण्णा म्हणतात, तसं नाही, बराच वेळ गेला, सगळे आणखी मागं सरले तेव्हा शिवला. दोघंही खोटं बोलणारे नाहीत. मी दोघांशीही वाद घातला नाही, यावरून माझी अवस्था ओळख.

घरी आले, थेट परड्यात गेले. सरदार पडून होता. ओढून ओढून गाठ इतकी घट्ट झाली होती की नखं तुटली तरी सुटेना. मी आत जाऊन तुझी विळी आणली आणि दोरी कापली. पट्ट्याखाली त्याची मान सोलून निघाली होती. मला वाटलं होतं तो पळेल, निदान माझ्यावर गुरगुरेल. तो उठला, अंग झाडलं, आणि माझ्याआधी घरात गेला. सोप्यात तुझ्या जागेवर थांबला नाही. माजघर ओलांडून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गेला आणि पुढचे दोन पाय लावून बसला.

मी आत गेले. चूल थंड होती, शेजारून आलेल्या भाकरी टोपलीत होत्या. तुझ्या पाटावर बसून मी मोठ्यानं म्हटलं, "आई, गोठ्यात पाणी शिरलं नव्हतं. मी म्हादबाला खोटं बोलायला लावलं होतं." घरात कुणी नव्हतं, कुत्रा सोडून. त्यानं कान हलवले. मी रडले, भरपूर रडले, या दहा दिवसांत पहिल्यांदा. मग भाकरी घेतली आणि त्याला म्हटलं, ये सरदार. तो आला नाही. पुन्हा हाक मारली. तो उंबऱ्याकडं पाहत बसून राहिला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की त्या उंबऱ्यावर ते नाव कधीच चाललेलं नाही.

"या पावणं," मी म्हटलं.

तो उठला, उंबरा ओलांडला आणि चुलीपाशी येऊन बसला. मी भाकरी मोडून त्याच्यापुढं ठेवली. त्यानं ती सगळी खाल्ली.

आत्ता हे लिहितेय तेव्हाही तो तिथंच झोपलाय. अण्णांनी मघाशी आत डोकावलं, त्याला चुलीपाशी पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि सोप्यात जाऊन बसले. कापलेली दोरी मी विहिरीत टाकली, तुझ्या साखळीवर. उद्यापासून भाकरी मी करणार आहे, आणि माझा पिठाचा अंदाज तुझ्यासारखाच चुकणार आहे. परवानगीचं म्हणशील तर मी कुणाला विचारलं नाही आणि कुणी हो म्हटलं नाही. आपल्या घरात हे असंच होत आलंय.

तुझी,
सुमी